उणे १७०-१८० अंशांपर्यंत जाणारा मिक्स गॅस क्रायोकूलर: बांधणी आणि टेस्टिंग

क्रायोजेनिक, म्हणजे अतिशय कमी तापमानाचं मशीन, म्हटलं की लोकांना वाटतं खूप मोठा कॉम्प्रेसर, खूप मोठं प्रेशर. पण मी जेवढी सिस्टीम बांधली आणि पुन्हा पुन्हा उघडली त्यावरून सांगतो, कॉम्प्रेसर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी मेहनत दोनच ठिकाणी लागते, हीट एक्सचेंजर (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या गॅसमध्ये उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या नळ्या) आणि आतली स्वच्छता. ही दोन जमली की बाकीचं आपोआप जागेवर येतं, आणि ही दोन फसली तर कितीही गॅस बदला, मशीन उणे ८०-९० च्या पुढे जात नाही.

आधी कुठला मार्ग घ्यायचा ते. शुद्ध नायट्रोजन थ्रॉटल करून, म्हणजे अरुंद वाटेतून सोडून प्रेशर उतरवून, थंड करायचा म्हटला तर साध्या तापमानाला १ बार प्रेशर उतरलं की फक्त ०.२ अंशांच्या आसपास थंडी मिळते. लिंडे यांनी १८९५ मध्ये याच परिणामावर हवा द्रव केली होती, पण त्याला प्रेशर खूप लागतं, नायट्रोजनसाठी १५०-२०० बार धरा, आणि एवढं करून २०० बारला दर फेरीत जेमतेम ७-८ टक्के गॅस द्रव होतो. शिवाय तिथे एक्सचेंजरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर एक थेंबही मिळत नाही. स्टर्लिंगचा, म्हणजे पिस्टनने गॅस दाबून-फुगवून थंड करण्याचा, मार्ग चांगला आहे पण पिस्टन-सिलिंडरमधली फट मायक्रॉनमध्ये राखायची म्हणजे उत्तम मशीन शॉप हाताशी पाहिजे. तिसरा मार्ग मिश्र गॅसचा, क्लिमेंको यांनी १९५९ मध्ये मांडलेला, आणि हाताने बांधायला मला तोच सगळ्यात योग्य वाटतो कारण यात फ्रिज-एसीवाला साधा कॉम्प्रेसर आणि २० बारच्या आसपासचं प्रेशर पुरतं.

हे काम कसं करतं ते नीट समजून घ्या कारण पुढे टेस्टिंगमध्ये प्रत्येक वेळी इथंच परत यावं लागतं. पाच गॅस घ्यायचे ज्यांचे उत्कलनबिंदू जिन्याच्या पायऱ्यांसारखे आहेत, आयसोब्युटेन उणे १२, प्रोपेन उणे ४२, इथेन उणे ८९, मिथेन उणे १६१ आणि नायट्रोजन उणे १९६. दाबलेलं मिश्रण एक्सचेंजरमधून खाली जाताना आधी जड गॅस द्रव होतात, मग मधले, शेवटी हलके, आणि परत येणारा कमी प्रेशरचा प्रवाह त्याच क्रमाने उकळत उकळत वर येतो, म्हणजे एक्सचेंजरच्या प्रत्येक इंचावर एका बाजूला घनीभवन आणि दुसऱ्या बाजूला उकळणं चालू असतं. म्हणून २० बारला ते काम होतं जे नायट्रोजनला एकट्याने २०० बारला करावं लागतं.

गॅसला हात लावण्याआधी

यातले चार गॅस पेट घेतात. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेटू शकतो, प्रोपेन तर २ टक्क्यांनाच, आणि प्रोपेन-आयसोब्युटेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यात, तळघरात साचतात. त्यामुळे चार्जिंग मोकळ्या हवेतच करायचं, डिटेक्टर खाली ठेवायचा, आसपास ठिणगी पडेल असं काही नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिस्टीममध्ये हवा शिल्लक असताना हायड्रोकार्बन भरून कॉम्प्रेसर कधीही चालू करायचा नाही, गरम डिस्चार्जमध्ये (कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो ती बाजू) हवा, तेल आणि गॅस एकत्र दाबले गेले तर स्फोट होतो. प्रेशर टेस्टला फक्त कोरडा नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावूनच, ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेस्ड हवा चुकूनही नाही. ज्यांनी कधी हायड्रोकार्बन गॅसचं काम केलेलं नाही त्यांनी हे काम येणारा टेक्निशियन सोबत घ्यावा, हे मी मनापासून सांगतोय.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. शुद्ध ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो आणि हवा उणे १९१ च्या आसपास द्रव व्हायला लागते, त्यामुळे तेवढा थंड पृष्ठभाग हवेत उघडा राहिला तर त्यावर ऑक्सिजनने भरलेला द्रव टपकायला लागतो, आणि तो तेलावर किंवा फोमवर पडला तर आगीचा धोका. थंड भाग कायम व्हॅक्यूमच्या आत.

कॉम्प्रेसर आणि तेल

अर्धा ते एक अश्वशक्तीचा हर्मेटिक (सगळीकडून सीलबंद) कॉम्प्रेसर पुरतो. प्लेटवर दोन्ही बाजूंचं कमाल प्रेशर लिहिलेलं असतं ते बघा आणि त्याच्या आतच राहा. रेसिप्रोकेटिंगमध्ये (पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये) बाहेरचं कवच सक्शन, म्हणजे आत येणाऱ्या गॅसच्या, प्रेशरवर असतं, रोटरीत बहुतेक वेळा डिस्चार्जवर, त्यामुळे लीक टेस्टला किती प्रेशर द्यायचं हे कॉम्प्रेसरच्या प्रकारावर ठरतं. डिस्चार्ज पाइपला तापमानाचा सेन्सर बांधा आणि ११० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढे तेल खराब व्हायला लागतं.

तेल हाच या मशीनचा मोठा शत्रू. कॉम्प्रेसरमधून थोडं तेल गॅसबरोबर निघतंच, साध्या फ्रिजमध्ये ते फिरून परत येतं पण इथे ते थंड टोकाला जाऊन गोठतं आणि कॅपिलरी (प्रेशर उतरवणारी अगदी बारीक नळी) बंद. म्हणून आधी रिटर्न लाइनसकट ऑइल सेपरेटर, मग पंख्याचा कंडेन्सर, मग तेलाचे बारीक कण एकत्र करून पकडणारा कोअलेसिंग फिल्टर. आणि यापुढे एक उभा छोटा सिलिंडर, फेज सेपरेटर. मिश्रणात जड गॅस पुरेसे असतील तर कंडेन्सरमधून बाहेर येताना त्यांचा काही भाग द्रव झालेला असतो, उरलेलं तेल त्या द्रवातच विरघळून बसतं, हा द्रव सेपरेटरच्या तळातून वेगळ्या कॅपिलरीने काढून एक्सचेंजरच्या मध्यावर परतीच्या प्रवाहात सोडायचा. वरून निघणारा गॅस पुढे थंड टोकाकडे जातो तो जवळपास तेलाशिवाय. एवढ्या एका सिलिंडरने माझा तेलाचा त्रास जवळजवळ संपला, त्यामुळे नकाशा काढताना तो वगळू नका.

फिल्टर ड्रायर ३ए मॉलिक्युलर सिव्हचा घ्या. त्याची छिद्रं एवढी बारीक की पाणी आत जातं आणि बाकीचे गॅस बाहेर राहतात, जाड छिद्रांचा घेतला तर तो तुमचा मिथेन-इथेनही शोषून बसेल आणि मिश्रणाचं प्रमाण बिघडेल.

हीट एक्सचेंजर

इथं घाई करू नका, आठवडा लागला तर लागू दे.

मी वापरलेली रचना अशी, बाहेर ९.५ मिमीची तांब्याची नळी, तिच्या आत २ मिमी बाहेरच्या व्यासाच्या चार बारीक नळ्या, लांबी ८ ते १० मीटर. जास्त प्रेशरचा प्रवाह आतल्या नळ्यांतून खाली जातो, कमी प्रेशरचा परतीचा प्रवाह मधल्या फटीतून वर येतो. परतीच्या बाजूला जागा भरपूर हवी कारण तिथं प्रेशर फक्त २-३ बार असतं, आणि त्यातलं अर्धा बार नळीतच गेलं तर थंड टोकाचं प्रेशर तेवढं वर राहतं आणि तापमानही वरच अडकतं.

चारही नळ्या आत ओवण्याआधी प्रत्येकीला एकाच प्रेशरचा नायट्रोजन देऊन रोटामीटरवर (गॅसचा प्रवाह मोजणारं उपकरण) प्रवाह मोजा. एखादी नळी आतून दबलेली किंवा कचरा असलेली निघाली तर तिच्या वाट्याचं काम बाकीच्या तिघींवर पडतं आणि बाहेरून ते कधीच कळत नाही. मग नळ्या सरळ असतानाच ओवायच्या आणि सगळं एकत्र १५ सेंटिमीटरच्या साच्यावर गुंडाळायचं, हळूहळू, एका दमात, मधे थांबून उलटं वाकवलं की तांबं कडक होतं आणि चेपतं. वेटोळी एकमेकांना टेकू द्यायची नाहीत, मधे ग्लासफायबरची दोरी घाला, नाहीतर उष्णता नळीच्या लांबीने फिरून न जाता एका वेटोळ्यातून दुसऱ्यात उडी मारते आणि १० मीटर लांबी असूनसुद्धा नसल्यासारखी होते. गरम टोक वर, थंड टोक खाली.

ब्रेझिंग (धातूचा भराव वितळवून नळ्या जोडणं) करताना आतून नायट्रोजन अगदी मंद सोडत राहायचा. माझ्या पहिल्या कॉइलमध्ये मी दोन जोड नायट्रोजन न सोडता केले होते, आत काळी पापडी तयार झाली, ती सुटून कॅपिलरीत अडकली आणि सगळं कॉइल कापून टाकावं लागलं, त्यामुळे लहानातल्या लहान जोडालाही हा नियम सोडू नका. थंड भागात तांबं, ३०४ स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम चालतं, साधं लोखंड ठिसूळ होतं आणि रबराची ओ-रिंग काचेसारखी तडकते.

थंड टोकाला ०.६ ते ०.८ मिमी आतल्या व्यासाची कॅपिलरी, आधी दोन-तीन मीटर ठेवा, मग कापत कापत जमवा. तिच्या तोंडाशी बारीक जाळीचा स्ट्रेनर. पुढे तांब्याचा ठोकळा ज्याच्यावर नळी ब्रेझ केलेली, त्यात हीटर आणि पीटी१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा) सेन्सरसाठी भोकं.

व्हॅक्यूमचं भांडं

आकडे बघितले की हे भांडं का लागतं ते लगेच पटतं. साध्या तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट फेकतो. तुमच्या थंड भागाचं क्षेत्र ०.०५ चौरस मीटर असलं आणि सगळं काळं असलं तर २३ वॅट नुसत्या प्रारणाने आत येतील, म्हणजे छोट्या कूलरची सगळी ताकद तिथंच संपली. तेच दोन्ही पृष्ठभाग चकचकीत ठेवले तर अर्ध्या वॅटच्या आसपास येतं, आणि वरून ॲल्युमिनियम चढवलेल्या मायलरचे १५-२० सैल थर गुंडाळले की अजून कमी. थर घट्ट आवळू नका.

आधारासाठी पातळ स्टेनलेस नळी किंवा ग्लास-इपॉक्सीची दांडी. १० मिमी व्यासाची, अर्धा मिमी जाडीची, १० सेंटिमीटर लांब नळी स्टेनलेसची असेल तर ०.४ वॅट आत आणते, तांब्याची असेल तर १४ वॅट. सेन्सरच्या वायरीसुद्धा बारीक आणि लांब घ्या, ठोकळ्याला दोन-चार वेढे देऊन मगच सेन्सरला जोडा, नाहीतर सेन्सर ठोकळ्याचं तापमान न दाखवता वायरीचं दाखवतो.

भांड्यातलं प्रेशर ०.०००१ मिलिबारच्या खाली पाहिजे. आणि भांड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, कारण आतली नळी फुटली तर त्यातला द्रव भांड्यात उकळून एकदम फुगतो, १ लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो. गॅसच्या सर्किटलाही वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह, बाहेर मोकळ्या हवेत नेलेला.

लीक टेस्ट

भांडं बंद करायच्या आधी सगळे जोड उघडे असतानाच ही टेस्ट करा. नायट्रोजन टप्प्याटप्प्याने चढवा, ५ बार, थांबा, साबणाचं पाणी, १० बार, पुन्हा तेच, शेवटी चालत्या प्रेशरच्या थोडं वर, पण प्लेटवरच्या मर्यादेच्या आत. मग २४ तास सोडा. काटा खाली आला म्हणून लगेच घाबरू नका, खोली ३ अंशांनी थंड झाली तर २५ बारवर पाव बार आपोआप कमी दिसतं, म्हणून दोन्ही वेळा खोलीचं तापमान लिहून ठेवा.

मग व्हॅक्यूम पंप, दोन्ही बाजूंनी, निदान अख्खी रात्र. पंप बंद करून गेज बघा, ५०० मायक्रॉनच्या (इथे हे व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली टिकून राहिलं तर ठीक. चढून एका जागी थांबलं तर आत ओल आहे, चढतच राहिलं तर लीक आहे. ओल असेल तर नायट्रोजन भरून सोडा, परत पंप लावा, तीनदा करा. थोडंसं पाणीही थंड टोकाला बर्फ होऊन कॅपिलरी बुजवतं त्यामुळे इथं वेळ गेला तरी चालेल.

चार्जिंग

गॅस शुद्ध, रेफ्रिजरेशनच्या दर्जाचे. स्वयंपाकाचा गॅस वापरू नका, त्यात वासासाठी गंधकाचे पदार्थ घातलेले असतात, ओल असते आणि प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं. साधं ब्युटेन उणे १३८ लाच गोठतं, आयसोब्युटेन उणे १६० च्या आसपास, प्रोपेन मात्र उणे १८८ पर्यंत द्रव राहतं, म्हणून खूप खाली जायचं असेल तर प्रोपेन जास्त आणि आयसोब्युटेन कमी.

सुरुवातीला मोलच्या हिशेबाने, म्हणजे वजनाने नाही तर रेणूंच्या संख्येने, नायट्रोजन ३५, मिथेन २५, इथेन २०, प्रोपेन १५, आयसोब्युटेन ५ टक्के असं काहीतरी घ्या. भरताना जड आधी, हलके नंतर, कारण जड गॅसचं बाष्प प्रेशर कमी असतं आणि आत प्रेशर वाढल्यावर ते जातच नाहीत. जड गॅस वजनकाट्यावर मोजा, हलके गेजवर. हे मात्र लक्षात ठेवा की भरलेलं प्रमाण आणि फिरणारं प्रमाण वेगळं असतं, प्रोपेन-आयसोब्युटेन कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळतात आणि बाकीचं बरंच एक्सचेंजरमध्ये द्रव होऊन अडकून राहतं. म्हणून कागदावरचं परफेक्ट मिश्रण पहिल्याच दिवशी चालेल अशी अपेक्षा नको.

बंद असताना सगळं गॅसच असतं त्यामुळे प्रेशर वर जातं आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. यासाठी एक बफर टाकी, डिस्चार्जकडून प्रेशर स्विचवर उघडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आणि सक्शनकडे बारीक कॅपिलरी. सुरुवातीला जास्तीचा गॅस टाकीत जातो, थंड व्हायला लागलं की हळूहळू परत येतो.

पहिला रन

दर मिनिटाला लिहायचं: दोन्ही प्रेशर, डिस्चार्जचं तापमान, एक्सचेंजरच्या गरम टोकाला येणारा आणि जाणारा प्रवाह, मध्यावरचं तापमान, ठोकळ्याचं तापमान, कॉम्प्रेसरचा करंट. पीटी१०० ला चार वायरीच लावा, ० अंशाला १०० ओहम असतो आणि द्रव नायट्रोजनच्या तापमानाला २० च्या आसपास उरतो, तिथं वायरीचा एक ओहमही दोन अंशांची चूक करतो.

पहिली काही मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग तापमान हळू उतरतं, आणि उणे ४०-५० नंतर वेग वाढतो कारण जड गॅस द्रव व्हायला लागलेले असतात. या वळणाचा आलेख जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक रनची तुलना याच्याशीच करायची.

काय बिघडलंय ते आलेखावरूनच कळतं. तापमान उणे ८०-९० ला सपाट झालं आणि प्रेशर स्थिर आहे तर हलके गॅस कमी आहेत, मिथेन आणि नायट्रोजन थोडे थोडे वाढवा, एका वेळी अर्धा बार, मग वीस मिनिटं थांबा. सक्शन प्रेशर पडतंय, डिस्चार्ज चढतंय आणि ठोकळा गरम होतोय तर कॅपिलरी बुजतेय. तेच करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली व्हायला लागलं तर बर्फ आहे, अडकतो, वितळतो, परत अडकतो, अशा वेळी गॅस काढून ड्रायर बदला आणि पुन्हा व्हॅक्यूम करा. सक्शन पाइप बाहेर दवाने ओला किंवा पांढरा दिसला तर खूश होऊ नका, ती थंडी तुमच्या हातातून निसटतेय. गरम टोकाला दोन प्रवाहांत १० अंशांचा फरक राहिला आणि सेकंदाला १ ग्रॅम गॅस फिरत असला तर १५ ते २० वॅट थंडी नुसती बाहेर जाते. अशा वेळी जड गॅसचं प्रमाण बदलून बघा, तरी फरक गेला नाही तर एक्सचेंजर लहान पडतोय.

ठोकळा स्थिर झाला, म्हणजे दहा मिनिटांत ०.१ अंशापेक्षा जास्त हलला नाही, की हीटरवर लोड द्या. १ वॅट, २, ५, १०, प्रत्येक वेळी व्होल्टेज आणि करंट ठोकळ्यापाशी मोजून, आणि प्रत्येक वेळी परत स्थिर होईपर्यंत वाट बघून. घाईत घेतलेला लोडचा आकडा नेहमी खोटा चांगला येतो कारण तांब्यात साठलेली थंडी थोडा वेळ लोड उचलते.

आत किती उष्णता झिरपतेय ते मोजायला कॉम्प्रेसर बंद करून नुसतं बघत बसा. नळीतला उरलेला द्रव उकळून गेला की ठोकळा एका वेगाने गरम व्हायला लागतो. उणे १७० च्या आसपास तांब्याची विशिष्ट उष्णता ग्रॅमला ०.२५ ज्यूल धरा, ठोकळा ५०० ग्रॅमचा आणि मिनिटाला अर्धा अंश चढतोय तर गळती १ वॅट. माझ्या एका सिस्टीमला हा आकडा ४ वॅट आला होता, दोन दिवस शोधल्यावर सापडलं की मायलरचा एक कोपरा गरम भांड्याला टेकलेला.

शेवटी लांब रन. दोन तास चाललेलं मशीन चाललं असं मी धरत नाही, तेल आणि ओल यांचे त्रास बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. निदान १०० तास सलग चालवा आणि सक्शन प्रेशरवर लक्ष ठेवा, रोज थोडं थोडं उतरत असेल तर तेल थंड टोकाला साचतंय. रन संपल्यावर सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, त्याला एक दिवस लागला तरी चालेल, आणि मग बंद अवस्थेतलं प्रेशर चार्जिंगच्या दिवशी लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा, तेवढ्याच खोलीच्या तापमानाला. जुळलं तर त्याच गॅसवर पुढचा रन लावा, कमी भरलं तर कुठून गेला ते सापडेपर्यंत वरून गॅस भरू नका.